ठासणीच्या रायफलीचा गज : लाकडाची पारख आणि घडण

कापडाच्या पेढीवर गज म्हणजे मोजमाप. बंदुकीच्या धंद्यात गज म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी आत ठासण्याची लांब कांब. या दुसऱ्या गजाविषयी कापडाच्या व्यापाऱ्याने लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण या विषयाशी आमचा दोन बाजूंनी संबंध येतो. ठासणीच्या रायफलीत गोळीभोवती जो फडका गुंडाळतात तो सुती कापडाचा असतो. आणि उत्तम गज ज्या हिकरी लाकडाचा होतो, त्याच लाकडाच्या काठ्या जुन्या मागांवर धोट्याला ठोकर देण्यासाठी वापरल्या जात. मागावरची ती काठी सतत ठोकरी खाते आणि तुटत नाही, याचे कारण समजले की गजाची निम्मी विद्या हाती येते.

सुतारकाम, खरादकाम आणि पितळकाम करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांना हा विषय उपयोगी वाटेल असे आम्हाला वाटते. जुन्या ठासणीच्या बंदुकांच्या प्रतिकृती भारतात तयार होऊन अमेरिकेत आणि इंग्लंडात विकल्या जातात. अमेरिकेत अशा रायफलीने नेम मारण्याचा आणि शिकारीचा शौक मोठा आहे. गज हा त्यातला दिसायला सर्वांत क्षुल्लक भाग. पण तो मोडला तर नुकसान बंदुकीचे होत नाही, ठासणाऱ्याच्या हाताचे होते. म्हणून हा माल करताना आणि विकताना जबाबदारी मोठी आहे.

गजावर जोर का येतो

साध्या नळीच्या बंदुकीत गोळी किंवा छर्रे सैल बसतात, त्यामुळे गजाला फार ताकद लावावी लागत नाही. रायफलीचे तसे नाही. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे कापलेले असतात. गोळीने त्या आट्यांना धरून फिरत बाहेर पडावे यासाठी ती फडक्यासह घट्ट बसावी लागते.

हिशेब करून पाहू. अर्ध्या इंची नळीचा व्यास १२.७ मिलिमीटर. तिच्यात साधारणपणे ०.४९ इंची, म्हणजे सुमारे १२.४५ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी वापरतात. गोळी आणि नळी यांमध्ये प्रत्येक बाजूला जेमतेम ०.१३ मिलिमीटर जागा उरते. त्या जागेत ०.३८ मिलिमीटर जाडीचा, तेल किंवा चरबी लावलेला फडका दाबून बसवायचा. म्हणजे कापड आपल्या जाडीच्या एकतृतीयांशावर दाबले जाते, आणि उरलेले आट्यांच्या खाचांत शिरते. हे सारे बेचाळीस इंच लांब नळीतून खाली रेटायचे काम गज करतो. दोन-चार बार झाले की नळीत काजळी साचते आणि जोर आणखी वाढतो.

येथे कापडाची एक गोष्ट सांगून ठेवतो. फडका शुद्ध सुती हवा आणि विणीला घट्ट हवा. गादीच्या खोळीचे जाड कापड किंवा ड्रिल चालते. पॉलिएस्टरची मिसळ असलेले कापड बाराच्या उष्णतेने वितळते व नळीला चिकटते. नव्या कापडातील खळ आधी धुवून काढावी. कापड बदलले, जाडी थोडी वाढली, की गजावरचा ताण लगेच वाढतो. गज तुटल्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ जाड फडक्यात असते.

लोखंडी गजाचा इतिहास

लाकडी गज तुटतात ही तक्रार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियाच्या फौजेने आपल्या पायदळाला लोखंडी गज दिले. १७४१ साली मोल्विट्झच्या लढाईत प्रशियाच्या पायदळाने ऑस्ट्रियाच्या फौजेपेक्षा जलद बार काढले, त्याचे एक कारण हे गज होते. पुढे इंग्रजांनीही आपल्या पायदळी बंदुकीला पोलादी गज बसवला. १८५७ च्या बंडात ज्या काडतुसांवरून असंतोष पेटला, ती ज्या १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीसाठी होती, तीही ठासणीचीच रायफल आणि तिचाही गज पोलादी होता.

मग अमेरिकेतील लांब रायफलींना लाकडी गज का राहिले? एक तर पेन्सिल्व्हेनिया आणि केंटकीकडच्या त्या रायफली फौजेच्या नव्हेत, शिकाऱ्यांच्या व शेतकऱ्यांच्या होत्या. दुसरे, लाकडी गज हलका असतो आणि नळीच्या तोंडाशी आट्यांना घासून झिजवत नाही. तिसरे, त्या मुलखात हिकरीसारखे लाकूड जंगलात उभे होते. आजही जुन्या नमुन्याच्या रायफलीला गिऱ्हाईक लाकडी गजच मागते.

कोणते लाकूड

हिकरी हे अक्रोडाच्या कुळातले झाड. पेकन नावाचा सुका मेवा ज्या झाडाला येतो ते याच जातीतले. पूर्व अमेरिकेत हिकरीचे अनेक प्रकार वाढतात. गजासाठी शॅगबार्क, पिगनट आणि मॉकरनट हे प्रकार चांगले. सुकलेल्या शॅगबार्क हिकरीचे वजन घनमीटरला सुमारे ८०० किलो भरते. अमेरिकी ॲशचे सुमारे ६७५ किलो भरते. पण नुसत्या वजनाने काम होत नाही. हिकरीचा खरा गुण म्हणजे ती झटका सोसते, वाकते आणि पुन्हा सरळ होते. म्हणून कुऱ्हाडीचे आणि हातोड्याचे दांडे तिचे होतात.

बाहेरचे पांढरे लाकूडच मजबूत आणि आतले तांबूस लाकूड कमजोर, असा समज या धंद्यात फार वर्षे होता आणि पांढऱ्याला भाव जास्त मिळे. अमेरिकेतील मॅडिसन येथील सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेने चाचण्या करून हा समज चुकीचा ठरवला. सारख्या वजनाचे आणि निर्दोष लाकूड असेल तर पांढरे व तांबडे यांच्या ताकदीत फरक नाही. म्हणजे रंग पाहून भाव देणारा विनाकारण जास्त पैसे मोजतो.

आपल्याकडे सह्याद्रीत वाढणारी धामण ही याच कामाची. तिचे लाकूड चिवट व लवचीक. धनुष्ये, हत्यारांचे दांडे, गाडीच्या दांड्या यांसाठी ती पूर्वापार वापरात आहे. गजाची कला हातात बसवण्यासाठी कारागिराने आधी धामणीवर हात चालवावा. मात्र गिऱ्हाइकाने हिकरी मागितली असेल तर त्याला हिकरीच द्यावी, आणि धामणीचा माल असेल तर तो धामणीचा म्हणूनच सांगून विकावा.

सारे काही रेषेवर

आता मुख्य मुद्दा. लाकडाची जात चांगली असून गज तुटतो, कारण त्याची रेषा तिरकी असते. कापडाच्या व्यापाऱ्याला हे चटकन समजते. ताण्याच्या सुताच्या दिशेने कापड ओढा, ते ताण सोसते. तेच कापड तिरके धरून ओढा, ते लगेच लांबते आणि आकार सोडते. लाकडाचे तंतू म्हणजे त्याचा ताणा. गजात हे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जायला हवेत. तंतू मध्येच कडेला बाहेर पडला तर तेथे गज धरून ठेवणारे काहीच उरत नाही.

वर सांगितलेल्या प्रयोगशाळेचे आकडे असे आहेत. सरळ रेषेच्या लाकडाची ताकद १०० धरली, तर वीस इंचांत एक इंच तिरकी रेषा असलेल्या लाकडाची झटका सोसण्याची ताकद ९० राहते. दहा इंचांत एक इंच तिरकी असेल तर ६२, आणि पाच इंचांत एक इंच असेल तर ३६. लाकूड तेच, झाड तेच, फक्त कापणीची दिशा बदलली.

गजाच्या बाबतीत तर हे गणित आणखी कडक आहे, कारण गज बारीक आणि लांब असतो. तीन सुती गज घ्या, म्हणजे पाऊण इंचाचा निम्मा. पंचवीस इंचांत एक इंच इतकी थोडी तिरकी रेषा असली, तरी तंतू साडेनऊ इंचांच्या आतच एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. बेचाळीस इंची गजात तंतू टोकापासून टोकापर्यंत जायचा असेल, तर रेषेचा तिरकेपणा ११२ इंचांत एक इंचापेक्षा कमी हवा. करवत ओंडक्याच्या रेषेला ओळखत नाही, ती आपल्या सरळ वाटेने जाते. म्हणून करवतीने कापलेल्या फळीतून असा गज निघाला तर तो नशिबाने.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या तयार गोल कांब्या याच कारणाने बाद. त्या दिसायला गुळगुळीत आणि सरळ असतात, पण यंत्रावर कोणत्याही फळीतून कातलेल्या असतात. अशी कांब मोडते तेव्हा आडवी तुटत नाही. ती लांब तिरकी चिरते आणि भाल्याच्या टोकासारखे धारदार टोक तयार होते. वरून हाताने जोर दिलेला असतो, त्यामुळे हात त्या टोकावरच उतरतो आणि लाकूड तळहातातून आरपार जाते. या शौकात होणारी ही ठरलेली जखम आहे.

फोडून काढावे, कापून नव्हे

म्हणून गजाचे लाकूड ओंडक्यातून पाचर मारून फोडून काढतात. फूट तंतूंच्या वाटेनेच जाते, त्यामुळे रेषा आपोआप सांभाळली जाते. त्याची रीत अशी :

१. ओंडका सरळ वाढलेल्या, फांद्या नसलेल्या बुंध्याचा घ्यावा. साल पिळदार दिसली तर आतली रेषाही पिळदार असते; असा ओंडका घेऊ नये.

२. ओला असतानाच आधी दोन, मग चार, मग आठ भाग करावेत. प्रत्येक वेळी तुकड्याचे दोन समान भाग पडतील अशी पाचर ठेवावी, म्हणजे फूट एका बाजूला पळत नाही. मधला गाभा आणि गाठीचा भाग टाकून द्यावा.

३. सुमारे एक इंची चौकोनी कांब्या झाल्या की टोकांना मेण किंवा जाड रंग लावावा, नाहीतर टोके चिरतात. मग सावलीत, हवेशीर जागी, खाली आधार देऊन आडव्या रचून ठेवाव्यात. उन्हात ठेवू नयेत.

४. वाळल्याची खूण तागडी देते. एक कांब निवडून दर आठवड्याला तोलावी. वजन उतरायचे थांबले की माल तयार.

५. वाळलेली कांब दोन मुठींच्या सुऱ्याने आणि रंध्याने चौकोनी करावी. मग कोपरे मारून आठकोनी, पुन्हा मारून सोळाकोनी आणि शेवटी गोल. रंधा मारताना रेषा वाकडी वळली तर रंध्याने रेषेमागे जावे. थोडा वाकडा पण अखंड रेषेचा गज शेक देऊन सरळ करता येतो. रेषा कापून सरळ केलेला गज दुरुस्त होत नाही.

६. सोनार तार ओढण्यासाठी वापरतात तशी भोकांची पोलादी पट्टी मापासाठी ठेवावी. गज भोकातून सारखा सरकला की जाडी एकसारखी आहे. शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडून काचकागद मारावा.

७. जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा. तेलाने ओल आत शिरणे काहीसे मंदावते. चकचकीत जाड वॉर्निश मात्र नको. ते नळीत खरवडले जाते.

जुन्या रायफलींचे गज टोकाकडे जाड आणि खाली दस्त्यात शिरणाऱ्या भागाकडे किंचित निमुळते असत. नळीखालच्या कड्यांतून ते अडकल्याशिवाय निघतात, म्हणून हा नमुना ठेवावा.

जाडी किती ठेवावी

छोट्या, म्हणजे ०.३६ ते ०.४० इंची नळीला अडीच सुती गज लागतो, ०.४५ आणि ०.५० इंचीला तीन सुती. त्याहून मोठ्या नळीला साडेतीन सुती. नळी आणि कड्या परवानगी देतील तेवढा जाड गज घ्यावा. जाडीतला थोडासा फरक ताकदीत मोठा पडतो. अडीच सुताचा गज तीन सुती केला तर तो मोडण्याविरुद्ध पावणेदोन पट मजबूत आणि वाकण्याविरुद्ध दुप्पट ताठ होतो. कारण मजबुती जाडीच्या घनाप्रमाणे वाढते आणि ताठपणा चौथ्या घाताप्रमाणे.

पितळी टोक

गजाच्या टोकाला पितळी टोपी बसवतात. तिच्यात आटे असतात, त्यात नळी साफ करण्याचे किंवा अडकलेली गोळी काढण्याचे अवजार फिरवून बसवता येते. ही टोपी नुसत्या गोंदावर बसवू नये. तेल आणि काजळी गोंदात शिरते आणि टोपी फडक्यासह नळीतच राहते. गोंद लावावाच, पण टोपी व लाकूड यांतून आरपार बारीक भोक पाडून खीळही ठोकावी आणि दोन्ही बाजूंनी कानस मारून सपाट करावी. टोपीत बसणारे लाकूड कमी करताना काटकोनी खाच मारू नये, हळूहळू उतार द्यावा. गज बहुधा त्या खाचेतच तुटतो.

धातू आणि कृत्रिम कांब्या

पोलादी कांब तुटत नाही, पण नळीच्या तोंडाशी आटे घासते. रायफलीचा नेम तोंडाशी असलेल्या आट्यांवर अवलंबून असतो, म्हणून पोलादी कांबेबरोबर नळीच्या तोंडावर बसणारे पितळी मार्गदर्शक टोपण वापरलेच पाहिजे. पितळी कांब आट्यांना सौम्य, पण वाकते. ॲल्युमिनियम आणि फायबर ग्लास यांच्या अंगात काजळीचे आणि धुळीचे कण रुततात आणि ती कांब नळीला काचकागदासारखी घासते. दर वेळी पुसल्याशिवाय ती आत घालू नये. जाणकार लोक नेमबाजीच्या मैदानावर पोलादी किंवा पितळी कांब वेगळी ठेवतात आणि नळीखालचा लाकडी गज जंगलात वापरतात.

मालासोबत द्यायची समज

चांगला गजही चुकीच्या हाताने तुटतो. म्हणून विक्रेत्याने मालासोबत चार गोष्टी लिहून द्याव्यात.

पहिली, गज नळीच्या तोंडापासून सहा-आठ इंचांवर धरून थोडा थोडा खाली ढकलावा. मोकळा भाग एक फुटावरून सहा इंचांवर आणला की गज चौपट जोराला वाकल्याशिवाय टिकतो. वरच्या टोकावर तळहात ठेवून एकदम जोर देणे हे गज मोडण्याचे आणि हात फोडून घेण्याचे सर्वांत सोपे साधन आहे.

दुसरी, गोळी दारूवर पूर्ण टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर बाराच्या वेळी नळी फुगते किंवा फुटते. म्हणून नेहमीची दारू आणि गोळी भरल्यावर नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करावी, आणि रिकाम्या नळीची दुसरी. मग गज आत घालताच नळी भरलेली आहे की रिकामी, की चुकून दोनदा भरली, हे कळते.

तिसरी, ठासताना चेहरा आणि शरीर नळीच्या तोंडापुढे आणू नये, आणि बार काढण्याआधी गज बाहेर आल्याची खात्री करावी.

चौथी, गजावर चीर दिसली तर तो त्याच दिवशी मोडून टाकावा. सुतळी गुंडाळून किंवा गोंद भरून पुन्हा वापरू नये.

पारख आणि भाव

तयार गजाची पारख तीन प्रकारांनी करावी. उजेडात धरून चारही बाजूंनी रेषा पाहावी. शंका आली तर शाईचा थेंब टाकावा; शाई तंतूच्या वाटेने पळते आणि खरी दिशा दाखवते. शेवटी जाड हातमोजे घालून, डोळ्यांना चष्मा लावून, गज सर्व बाजूंनी कमानीसारखा वाकवावा. चरचर आवाज आला किंवा तो सरळ झाला नाही तर बाद. कारागिराच्या दुकानात मोडलेला गज फक्त लाकूड वाया घालवतो.

भाव लावताना बाद माल हिशेबात धरावा. समजा, वीस कांब्या फोडल्या आणि आठ बाद झाल्या. तर वीसही कांब्यांचे लाकूड व मजुरी उरलेल्या बारांवर चढवावी लागेल. असे केल्याने भाव वाढतो, आणि स्वस्त कातीव कांबी विकणारा शेजारी गिऱ्हाईक ओढतो, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे फोडीव आणि कातीव यांतला फरक गिऱ्हाइकाला दाखवणे. दोन्हींचे मोडलेले तुकडे दुकानात ठेवले तर फार बोलावे लागत नाही. बाद कांब्या पटाशीच्या मुठी आणि कानशीच्या मुठी करून विकाव्यात.

आपल्या राज्यात कोकणात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. बंदुकीशी संबंधित कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी कारागिराने जिल्ह्याच्या परवाना कार्यालयात लेखी विचारणा करावी, आणि काम देणाऱ्याचा परवाना पाहून त्याची नोंद वहीत ठेवावी. निर्यातीच्या कामातही परवानाधारक कारखानदारामार्फतच जावे.

कापडाच्या धंद्यात सेकंड माल उघडपणे सेकंड म्हणून विकला जातो आणि त्यात काही गैर नाही. डाग असलेला तागा स्वस्तात घेणाऱ्याला तो डाग माहीत असतो आणि त्या डागाने कोणाला जखम होत नाही. गजाच्या धंद्यात सेकंड माल नसतो. जो गज आपण स्वतःच्या मुलाच्या हाती देणार नाही, तो बाद कांब्यांच्या ढिगात जायला हवा.